बघणाऱ्याचं बटण

१

दुपारी ठकीला झोपवायचं आणि मग कादंबरीला उठवायचं, असा तिचा रोजचा नेम होता.

ठकी म्हणजे तिची लेक. कागदोपत्री तिला एक भारदस्त नाव होतं, पण ते फक्त लस टोचण्याच्या दिवशी उपयोगात यायचं. एरवी घरात ठकीच. बोलायला लवकर लागलेली आणि लागली ती थांबायचं नाव न घेणारी. 'मी' हा शब्द तर तिला दातांच्या आधी आला असावा. मी खाणार, मी नाही खाणार, मी मोठी, मी राजा. झोपायच्या आधीही ती गादीवर पडून बराच वेळ स्वतःशी बडबडायची. मग बडबड विरळ व्हायची आणि आतली खोली गप्प व्हायची.

तेवढ्यात ही बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसलेली असायची. कॉलेजात शिकवायची ती, पण सध्या प्रबंधासाठी रजेवर होती. कादंबरीत गोष्ट सांगतं कोण आणि बघतं कोण, हा तिचा विषय. सासूबाईंना तिनं तो एकदा समजावून सांगितला होता. त्यावर, "लेखकच ना गं, अजून कोण असणार?" असं म्हणून त्यांनी प्रश्न निकालात काढला होता. रजा संपत आली तसं सासूबाईंचं ते उत्तर तिला फार मोहाचं वाटू लागलं होतं.

घरातल्या प्रत्येक प्लगवर तिनं चिकटपट्टी लावली होती, टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज बांधला होता. नवरा म्हणायचा, आपल्या घरात माणूस ठरवूनसुद्धा पडू शकणार नाही. टेबल मात्र तिनं मुद्दाम असं लावलं होतं, की आतल्या खोलीचं दार पाठीशी यावं. दार समोर असतं तर ती कादंबरीऐवजी दारच वाचत बसली असती.

ती एका जुन्या, कोणी फारशा न वाचलेल्या कादंबरीतल्या प्रकरणावर अडकली होती. त्यात एक बाई खोलीत जाते, दार लावून घेते, आणि अख्खं प्रकरणभर एकटीच असते. पदर पिळते, भांडं पालथं घालते, रडते. कोणाला काही सांगत नाही आणि पुढे मरून जाते. मग हे पाहिलं कोणी?

मार्गदर्शक मॅडमची यासाठी एक पद्धत होती. कागदावर खोलीचा नकाशा काढायचा, दार, खिडकी, पलंग सगळं नीट मांडायचं. मग एकेक वाक्य वाचायचं आणि हे दिसायला माणूस कुठे उभा हवा, तिथे शर्टाचं एक बटण ठेवायचं. "सांगणाऱ्याच्या मागे लागू नका," त्या म्हणायच्या. "तो बडबड्या असतो. बघणारा शोधा. तो गप्प असतो."

त्या दुपारी ती बटण हातात घेऊन विचार करत होती, तेवढ्यात आतून ठकीचा झोपाळू आवाज आला.

"आई पेन्सिल चावते."

तिनं चटकन पेन्सिल तोंडातून काढली आणि हसली. मग हसू तसंच ओठांवर राहिलं. दार बंद होतं.

२

सुशिक्षित बाईनं अशा वेळी जे करावं तेच तिनं केलं, म्हणजे स्वतःची समजूत घातली. ती पेन्सिल चावते हे ठकीला माहीत आहे. मुलं माहीत असलेलंच बोलत असतात. यात घाबरण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी आवाज आला, "आईनं पाय वर घेतले." तिनं खरोखरच खुर्चीवर मांडी घातली होती. तीही सवयच होती म्हणा.

त्यानंतरच्या दुपारी मात्र तिनं एक गुपित कृत्य केलं. सिद्धान्ताचं जाडजूड पुस्तक समोर उघडलं आणि त्याच्या आत एक रहस्यकथेचं चोपडं ठेवून ती ते वाचू लागली. नवऱ्यालाही ठाऊक नसलेला हा तिचा चोरटा आनंद. दोन पानं झाली नसतील, तेवढ्यात आतून आलं, "आईच्या पुस्तकात छोटं पुस्तक आहे."

तिनं चोपडं मिटलं. मान वळवायची होती, पण मान वळली नाही. टेबलावरचं घड्याळ चालू होतं, नळ कुठेतरी थेंबथेंब गळत होता, आणि दारामागे लेक शांतपणे श्वास घेत असणार होती. तिनं अगदी हळू, खुर्चीचा आवाज न करता, डावा हात वर केला.

आत शांतता. मग, "आई हात वर करते. आई वेडी."

ती धावत आत गेली. ठकी गादीवर उताणी पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, अंगठा तोंडात. फट राहू नये इतकं ते दार चौकटीत घट्ट बसायचं. तिनं खाली वाकून पाहिलं, किल्लीच्या भोकातून पाहिलं. भोकात जुना रंग गच्च भरला होता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चष्मे बनवायचा. दुसऱ्यांच्या दृष्टीची काळजी दिवसभर वाहून तो घरी आला होता. छोट्या पुस्तकाचा भाग वगळून तिनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "चला, प्रोफेसर, तुझा निवेदक घरातच सापडला. आता प्रबंध आटप." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "तू नीट झोपत नाहीस. एवढंच आहे हे."

तेवढंच असावं असं तिलाही मनापासून वाटत होतं. आपलं डोकं ठिकाणावर नाही, ही त्यातल्या त्यात बरी शक्यता होती.

३

विभागातल्या मॅडमच्या खोलीत पुस्तकं कपाटातून उतू जाऊन खिडकीत आणि जमिनीवर आली होती. बसायला खुर्ची मिळवायची तर आधी कुणाचा तरी प्रबंध उचलून बाजूला ठेवावा लागे. मॅडमनी बटणांचा डबा पुढे ओढला आणि विचारलं, बंद खोलीतल्या त्या बाईचं काय झालं?

ती म्हणाली, की ते राहू दे, दुसऱ्या एका कादंबरीत काही वाक्यं सापडली आहेत, त्यांचा उलगडा होत नाही. खोटं बोलताना तिचे कान तापले. तिनं नकाशा काढला. बाहेरची खोली, टेबल, खुर्ची, बंद दार, आतली गादी. आणि वाक्यं वाचून दाखवली.

मॅडमनी आधी बटण गादीवर ठेवलं, मग दारापाशी, मग टेबलाच्या डाव्या अंगाला. प्रत्येक वेळी एखादं वाक्य आडवं यायचं. दारापाशी उभं राहिलं तर आईची पाठ दिसेल, पण मोठ्या पुस्तकातलं छोटं पुस्तक दिसणार नाही. त्या बराच वेळ बटणाशी खेळत राहिल्या. मग त्यांनी दाराच्या जागी खोडरबर उभा केला आणि बटण त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"जमिनीवर नाहीच आहे हा," त्या म्हणाल्या. "दाराच्या वरून बघतोय. वरून खाली. छान लिहिलंय गं, कोणाचं आहे?"

तिनं नकाशाची दुमडलेली कड सरळ केली.

"आणि आणखी एक बघ. सगळी वाक्यं आईची आहेत. मुलगी आत पडलीय, पण ह्या नजरेनं तिला एकदाही पाहिलेलं नाही." मॅडमनी बटणावर हलकेच बोट टेकवलं. "अशी नजर एकाच माणसावर खिळून राहिली की समजायचं, ती वळणार आहे. ती वळते तिथे गोष्ट सुरू होते. पुढची पानं आण ना."

पुढची पानं अजून हाती आलेली नाहीत, असं तिनं सांगितलं. हे मात्र खोटं नव्हतं.

४

मग तिनं काम सोडलं. दुपारी ठकीला बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपवून पाहिलं, पण ठकीला तिची गादी हवी. मग तीच आत जाऊन ठकीच्या उशाशी बसू लागली. ती आत असली की ठकी फक्त 'मी'च्या गोष्टी करायची आणि झोपून जायची. टेबलावर कागद तसेच पडून राहिले. रजा संपल्यावर विभागाला काय तोंड दाखवायचं हा विचार यायचा, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. तिचा स्वतःचा विचार एकच होता. ती नजर वळली तर?

दाराच्या वर पाहायचं तिनं टाळलं होतं. तिथे काय होतं हे माहीत होतं, जुन्या घरात असते तशी हवेसाठी काचेची एक झडप. मध्यावर आडव्या दांड्यावर फिरणारी, कोणीतरी कधीकाळी उघडून ठेवलेली, धुळीनं भरलेली. जाळी नाही, जागा नाही, मांजरसुद्धा बसू शकणार नाही तिथे.

एका दुपारी ठकीला थोपटता थोपटता तीच आडवी झाली. डोकं ठकीच्या उशीवर टेकलं आणि नजर वर गेली. दाराच्या वर, हवेत, एक खुर्ची उलटी टांगलेली होती.

खुर्ची, टेबल, त्याच्यावरचे कागद, पेला. सगळं खाली डोकं वर पाय, पण स्वच्छ. जणू छपराला भोक पाडून कोणी तिच्या टेबलावर वरून डोकावत होतं.

काच! झडप जवळजवळ आडवी उघडी होती. बाहेरच्या खोलीतला उजेड वर जाऊन काचेच्या पोटाला लागत होता आणि परतून नेमका ठकीच्या उशीवर पडत होता. डोकं वीतभर बाजूला केलं की काहीच नाही. पुन्हा उशीवर टेकलं की टेबल हजर. ठकी इतके दिवस उताणी पडून, अंगठा चोखत, आईचा सिनेमा बघत होती. आणि आई आत बसली की पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची, मग सांगणार काय?

ती हसायला लागली ती थांबेचना. ठकी उठून बसली आणि तिनं समजूतदारपणे आईच्या पाठीवर थोपटलं.

नवऱ्यानं संध्याकाळी गादीवर आडवं होऊन खातरजमा केली, काचेच्या कोनाबद्दल थोडं व्याख्यान दिलं, आणि वर विचारलं की ते छोटं पुस्तक कोणतं. ठकीनं सगळं फोडलं होतं. मॅडमना तिनं फोनवर खरं काय ते सांगून टाकलं. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "अगं, आपण दोघी शिकल्यासवरलेल्या, आणि आरशाला डोळा समजून बसलो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बटण मात्र मी बरोबर ठेवलं होतं."

किती दिवसांनी ती त्या दिवशी गाढ झोपली.

५

झडप बंद करावी असं नवरा म्हणाला. तीच नको म्हणाली. हवा कोंडते, आणि तसंही ठकीची करमणूक आहे. त्यापेक्षा आतल्या खोलीत अंधार हवा, म्हणजे झोप लवकर लागेल. म्हणून सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं खेळण्यांच्या पेटीवरच्या खिडकीला पट्ट्यांचा पडदा बसवला. दोरी ओढली की पट्ट्या मिटायच्या. खोली छान काळोखली, आणि काचेतलं टेबल तर आणखीच उजळ दिसू लागलं.

काम भरभर पुढे सरकू लागलं. आतून आवाज यायचा, आई लिहिते, आई पाणी पिते, आणि ती पाठ न वळवता म्हणायची, "हो बाई, पिते." चांगली सोबतच होती ती.

त्या दुपारी प्रकरणाचा शेवट जवळ आला होता. बंद खोलीतल्या बाईला पाहणारा कसा निर्दय आहे, तो सगळं बघतो आणि दार उघडत नाही, असं काहीसं ती लिहीत होती. वाक्य जमून आलं होतं.

"आई लिहिते," आतून आलं. "आई खूप लिहिते."

"हो गं."

"ठकी पेटीवर चढली."

तिनं शब्द पुरा केला. पुढचाही अर्धा लिहिला. मग पेन्सिल आपोआप थांबली.

ठकी? ठकी स्वतःला ठकी कधीपासून म्हणायला लागली?

"ठकी दोरी ओढते." आवाज तोच होता, तसाच झोपाळू, सावकाश. "दोरी गळ्यात घातली. ठकी राजा झाली."

दोरी. सगळ्या प्लगना चिकटपट्टी, सगळ्या कोपऱ्यांना स्पंज, आणि पडद्याची दोरी वर बांधायची राहिली होती. ती उठली. खुर्ची मागे पडल्याचं तिला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी आतून पुढचं वाक्य आलं, तितकंच शांत.

"ठकी आता बोलत नाही."

६

दार उघडायला किती वेळ लागला हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ती म्हणायची, लागलाच नाही.

ठकी खिडकीखाली होती. खेळण्यांची पेटी कलंडली होती आणि ठकी तिच्या काठावर पायाच्या बोटांनी तोलून उभी होती, हनुवटी वर, तोंड उघडं, चेहरा लालबुंद. दोरीचा फास कानांमागून वर गेला होता. रडत नव्हती. आवाजच निघत नव्हता.

तिनं एका हातानं ठकीला वर उचललं, दुसऱ्या हातानं दोरी सैल केली. बोटं नेमकं काम करत होती, जणू कोणी एकेक हालचाल सांगत होतं. दोरी निघाली. ठकीनं एक लांब श्वास आत घेतला आणि मग असं भोकाड पसरलं, की त्याहून गोड काही तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

ती लेकीला छातीशी धरून गादीवर पडली. गळ्यावर एक लाल रेघ होती, बाकी काही नाही. "मी पडली," ठकी हुंदके देत तक्रार करत होती, "मी राजा होती, मी पडली." मी, मी, मी. ती त्या प्रत्येक 'मी'चा पापा घेत होती.

मग, हुंदके कमी झाल्यावर, तिच्या लक्षात आलं की आपलं डोकं उशीवर आहे. नजर वर गेली.

काचेत टेबल होतं. कागद होते, पेला होता. खुर्ची पडलेली नव्हती, टेबलाशी जागेवर होती, आणि खुर्चीत कोणीतरी बसलं होतं.

वरून फक्त भांग दिसत होता. खाली घातलेलं डोकं, सैल बांधलेले केस, तिच्यासारखेच किंवा कोणाचेही असतील असे. उजवा खांदा थोडा थोडा हलत होता, लिहिताना हलतो तसा. मग तो थांबला. लिहिणाऱ्यानं पेन्सिल कागदावर आडवी ठेवली, काम संपल्यावर ठेवतात तशी, आणि डोकं हळूहळू वर येऊ लागलं. कपाळाची कड दिसली.

तिनं डोळे मिटून घेतले. भीतीनं नव्हे, याचं तिला स्वतःलाही नवल वाटलं. एखाद्याला दमलेलं पाहिलं की आपण नजर दुसरीकडे वळवतो, तसं काहीसं.

उघडले तेव्हा काचेत टेबल होतं, कागद होते, पेला होता. खुर्ची उताणी पडलेली होती, तिनं पाडली होती तशीच.

७

डॉक्टरांनी ठकीला तपासलं, टॉर्च मारून घसा पाहिला आणि म्हणाल्या, काही नाही, वेळेत पोचलात. घरी येताच नवऱ्यानं कात्री घेतली आणि दोरीचे इतके बारीक तुकडे केले, की शेवटी तिनंच त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. मग दोघंही ठकीच्या गादीच्या दोन बाजूंना बसून राहिले.

आवाजाबद्दल तो म्हणाला, ठकीच बोलत असणार, दोरी आवळायच्या आधी. मुलं गप्प बसायचा खेळ खेळतात, 'मी बोलत नाही' असं बोलूनच सांगतात. तिनं मान डोलावली. ते तसंच असेल. पेटीवरून काचेतलं टेबल दिसत नाही, आणि उशीवरून काचेत पेटी दिसत नाही, हे तिनं दोन्हीकडे डोकं नेऊन एकदा पाहून घेतलं होतं, पण ते त्याला सांगितलं नाही. लेक श्वास घेत होती. त्यापुढे कोण बोललं हा प्रश्न तिला फार अभ्यासू वाटला.

त्या दिवसानंतर दुपारी आतून आईबद्दल काही ऐकू आलं नाही. काच तिथेच आहे, तशीच उघडी, पण ठकी आता कुशीवर झोपते.

प्रबंध तिनं दिला. त्यातलं निर्दय बघणाऱ्याचं वाक्य खोडलं, इतकं जमून आलेलं असूनही. त्याच्या जागी लिहिलं, की बंद खोलीतल्या त्या बाईला मरताना एक गोष्ट ठाऊक नव्हती: ती एकटी नव्हती. मॅडमनी त्याच्या बाजूला लिहिलं, 'पुरावा?' आणि मग, का कोण जाणे, स्वतःच ते पुसून टाकलं. नकाशावरचं बटण त्यांनी तिला देऊन टाकलं. ते तिच्या टेबलावर पेल्याशेजारी असतं.

कॉलेज पुन्हा सुरू झालं आहे. सुट्टीच्या दुपारी ठकीला झोपवून ती टेबलाशी येते. छोटं पुस्तक आता उघडपणे वाचते. फक्त खुर्चीपाशी आली की ती लगेच बसत नाही. पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबते, कोणाला तरी सावकाश उठायला वेळ द्यावा तशी, आणि मग बसते.